पाच शून्यं

"शून्य," ह्वे आन म्हणाली.

मी कागदावरच्या शून्याभोवती गोल केला आणि पुढचा प्रश्न दाखवला. ह्वे आननं तो व्हिएतनामीत वाचला. समोर बसलेल्या ज्येष्ठ भिक्खुणींनी मान तिरकी करून ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि हसून एक शब्द उच्चारला.

"शून्य."

"झोपेचा विचारलास ना नीट?"

"विचारला. म्हणते, शून्य."

"जिना चढताना?"

"तो पण शून्य." ह्वे आननं नजर खाली वळवली.

पाच प्रश्न, पाच शून्यं. आणि त्या बाई आमच्या ओपीडीचा एकच मजला चढून आल्या होत्या तरी तोंड उघडं टाकून, खांदे वरखाली करत श्वास घेत होत्या. इतक्या शांत चेहऱ्यानं धापा टाकणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

तेव्हा मी कान-नाक-घशाच्या विभागात एम.एस.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या माईणकर सरांचं व्हिएतनाममधल्या दा नांगच्या एका डॉक्टरबरोबर काम चालू होतं. बंद नाकाचा माणसाला किती त्रास होतो हे मोजायची एक छोटी प्रश्नावली असते. नाक चोंदतं का, बंद पडतं का, नाकानं श्वास घ्यायला जड जातं का, झोप लागते का, कष्टाचं काम करताना हवा पुरते का. त्रास अजिबात नसेल तर शून्य, सोसवत नसेल तर चार. ऑपरेशनच्या आधी विचारायची, नंतर पुन्हा विचारायची. ही इंग्रजी प्रश्नावली व्हिएतनामीत आणायची होती. दोघांनी वेगवेगळं भाषांतर केलं होतं, तिसऱ्यानं मूळ न बघता ते उलटं इंग्रजीत नेलं होतं, आणि आता खऱ्या माणसांना विचारून बघायचं होतं की त्यांना त्यातून नेमकं काय कळतं. दा नांगमध्ये ते लोक विचारत होते, पुण्यात मी. पाली शिकायला आलेले व्हिएतनामी भिक्खू आणि भिक्खुणी पुण्यात पुष्कळ, म्हणून.

काम मला किरकोळ वाटलं होतं. पहिल्याच दिवशी ती घमेंड उतरली. नाक चोंदण्याला त्यांचा शब्द 'ङेट'. शाळेत क, ख, ग, घ गिरवून झालं की आमच्या बाई म्हणायच्या, ङ कशाचाच नाही, नुसता काढा. आणि इथे लोक त्या अक्षरानं शब्द सुरू करत होते! ह्वे आननं मला तो इतक्या वेळा म्हणायला लावला की शेजारच्या टेबलावरची नर्स हसायला लागली. ह्वे आन त्यांच्यातलीच एक भिक्खुणी, तिशी ओलांडलेली, पुण्यात आठ वर्षं काढलेली, आणि मंडईत शिकलेलं मराठी बोलायची.

ज्येष्ठ भिक्खुणींचं नाव तिन व्हान. मी त्यांना आर्याजी म्हणत असे, आमच्याकडे भिक्खुणींना म्हणतात तसं. त्या मला 'बाक सी' म्हणत, म्हणजे डॉक्टर. वय पन्नाशीच्या आसपास. 'ङेट' हा शब्द त्यांच्या तोंडून 'गेट' असा यायचा. सर्दी झालेलं मूल मामाला 'बाबा' म्हणतं ना, तसं त्यांच्या सगळ्या बोलण्याचं झालं होतं. म चा ब, न चा द. ते ऐकूनच मला शंका आली होती.

मी नाकात दुर्बीण घातली. घातली म्हणजे, घालायला गेले. एका बाजूला मधला पडदा असा काही वाकडा होऊन भिंतीला टेकला होता की दुर्बिणीचं टोक शिरेना. दुसऱ्या बाजूला कधीकाळची जखम भरताना आतलं मांसच एकमेकांना चिकटून गेलेलं. मग मी चकचकीत पोलादी पट्टी नाकाखाली धरली. कुणाचंही नाक असो, श्वास सोडला की तिच्यावर वाफेचे दोन ठसे उमटतात. लहानमोठे असतील, पण उमटतात.

पट्टी कोरडी राहिली.

---

"बाद कर," माईणकर सर म्हणाले. ते चहात खारी बुडवत होते. "सौजन्य आहे ते. डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून बरं आहे म्हणणारे पेशंट आपल्याकडेही असतात."

"सर, त्या खोटं बोलतात असं वाटलं नाही."

"मग?"

"माहीत नाही."

सरांनी खारीचा तुकडा तोंडात टाकला. "हे बघ, उत्पला. एक तर त्या खोटं बोलतायत, नाहीतर आपला प्रश्न खोटा आहे. दुसरं असेल तर दा नांगला कळवावं लागेल. जा, शोधून काढ. नाही सापडलं तर बाद कर."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या बंगल्यावर गेले. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला आठदहा भिक्खुणींनी मिळून तो भाड्यानं घेतला होता. अंगणात करड्या-तपकिरी रंगाचे झगे वाळत होते आणि दाराशी भोपळ्याचा वेल चढवला होता. आर्याजी व्हरांड्यात पाय दुमडून पालीचा पाठ लिहीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी स्वतः उठून चहा आणला. तो बिनदुधाचा चहा पिता पिता मी प्रश्नावली बाजूला ठेवली आणि म्हटलं, "ह्वे आन, त्यांना विचार, त्रास म्हणजे काय?"

उत्तर बराच वेळ चाललं. ह्वे आननं ते जुळवून सांगितलं.

"नी सू म्हणते," — त्यांच्याकडे ज्येष्ठ भिक्खुणीला नी सू म्हणतात — "म्हणते, त्रास म्हणजे जो पाहुणा येतो. आधी नव्हता, मग आला, मग जाईल. तिच्या नाकाला पाहुणा कधी आला नाही. पहिल्यापासून असाच आहे. मग त्रास कुठला?"

"पण नाकातून श्वास जातो का?"

ह्वे आननं विचारलंच नाही. उत्तर तिलाच ठाऊक होतं, आणि ते सांगताना तिचा चेहरा उजळला.

"जातो. पण फार बारीक. एवढा बारीक की कळत नाही. डॉक्टर, तुम्ही पण बौद्ध, तुम्हाला माहीत असेल. मन शांत होतो तसा श्वास बारीक होतो. ग्रंथात लिहिलंय. शेवटी शोधला तरी सापडत नाही. नी सू पंधरा वर्षांची होती तेव्हा विहारात आली. गुरुमातांनी सांगितलं, नाकाच्या टोकाला, वरच्या ओठावर वारा लागतो ना, तिथे लक्ष ठेव. नी सू बसली. काही महिन्यांनी गुरुमातांनी विचारलं, काय दिसतं? नी सू म्हणाली, तिथे काहीच नाही. गुरुमातांनी हात जोडले! पंधरा वर्षांच्या मुलीला! पूर्ण क्वांग त्री प्रांतात सगळ्यांना माहीत आहे हे."

मी चहाचा पेला खाली ठेवला.

"आणि वास?" मी विचारलं. "उदबत्तीचा, जेवणाचा?"

"वास नाही येत. नी सू म्हणते, तो मोह लवकर सुटला."

आर्याजी आमच्याकडे बघून हसत होत्या. आपल्याबद्दल चाललंय एवढं त्यांना कळत होतं.  मी दापोडीची, विहारात वाढलेली. माझ्या आईनं आयुष्यभर ज्या अवस्थेबद्दल नुसतं ऐकलं होतं, ती घेऊन ही बाई समोर बसली आहे असं मला सांगितलं जात होतं. आणि मला त्या अवस्थेच्या आतला वाकडा पडदा दिसत होता.

निघताना ह्वे आन फाटकापर्यंत आली. तिथे तिनं माझी ओढणी धरली.

"डॉक्टर, मी काल एक खोटं बोलली. झोपेचा शून्य नाही. झोपेत तिचा श्वास थांबतो. आम्ही पाळीनं तिच्याजवळ झोपतो. थांबला की हलवून उठवतो. कधी कधी खूप हलवावं लागतो."

"मग ऑपरेशन करायला हवं, ह्वे आन. लवकर. हे असंच राहिलं तर एखाद्या वेळी तुम्ही हलवाल आणि त्या उठणार नाहीत."

"करा. नाक उघडा." तिनं ओढणी सोडली नव्हती. "पण एक करा. तिला सांगू नका पहिल्यापासून बंद आहे. सांगा, वय झालं, आता आता बंद झालं. मी दा नांगला बँकेत होती. चांगली नोकरी. आई रडली, तरी सोडली. नी सूसाठी. इथे आहेत त्या सगळ्या तिच्यासाठी आल्यात. गुरुमातांनी हात जोडले, ते काय नाकाला जोडले?"

मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रिक्षा मिळाली, मी बसले.

---

स्कॅनच्या फिल्म आल्या त्या दिवशी मी दोघींना बोलावलं. प्रकाशाच्या पेटीवर दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या, एक दुसऱ्या कुणाची तरी निरोगी, एक आर्याजींची.

"काळं दिसतं ती हवा," मी म्हटलं. "या माणसाच्या नाकात बघा, पुढून मागेपर्यंत दोन काळे बोळ आहेत. आर्याजींच्या फिल्ममध्ये बोळ नाहीत. हाडाची ठेवण बघता हे लहानपणापासूनचं आहे. बहुतेक नाकावर मार बसला असेल, चालायला लागायच्याही आधी. नाकातून हवा कधी गेलेलीच नाही."

मी एवढं बोलले, आणि ह्वे आननं त्याचं चार शब्दांत भाषांतर केलं.

आर्याजींनी तिच्याकडे पाहिलं. मग फिल्मकडे. मग पुन्हा तिच्याकडे. माझं लांबलचक बोलणं एवढंसं कसं झालं, हे समजायला भाषा येण्याची गरज नव्हती. त्या माझ्याकडे वळल्या. त्यांना मराठीचे मोजकेच शब्द येत, सगळे भाजीवाल्यांशी घासाघीस करताना उचललेले. त्यातलेच दोन त्यांनी काढले.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या.

ह्वे आन खिडकीबाहेर बघत होती. तिच्याकडून काही होणार नव्हतं. मग मी खुर्ची पुढे ओढली, आर्याजींचा उजवा हात हातात घेतला, त्यांचं बोट माझ्या नाकाखाली धरलं, तोंड घट्ट मिटलं आणि नेहमीसारखा श्वास घेतला आणि सोडला.

त्यांनी हात असा मागे घेतला, जणू निखाऱ्याला लागला.

थोड्या वेळानं त्यांनी तो आपणहून पुन्हा पुढे केला. मी श्वास घेत राहिले. बोटावर वारा येत होता, जात होता. त्या एकटक माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत होत्या. मग त्यांनी तेच बोट स्वतःच्या नाकाखाली धरलं आणि तोंड मिटलं. वाट बघितली. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा वर आल्या, तरी त्यांनी तोंड मिटलेलंच ठेवलं. शेवटी मीच त्यांच्या गालाला हात लावला तेव्हा त्यांनी तोंड उघडून मोठ्यानं श्वास घेतला.

त्या उठल्या, ह्वे आनजवळ गेल्या, तिचा चेहरा आपल्याकडे वळवला. ती रडत होती. रडणाऱ्या माणसाचं नाक वाहतं, श्वास गरम असतो आणि तुटक येतो. आर्याजींनी बोट तिथे धरलं आणि कितीतरी वेळ धरून ठेवलं.

"सगळ्यांचं असंच?" त्यांनी विचारलं. हे ह्वे आननं भाषांतर करून सांगितलं, पूर्ण.

"सगळ्यांचं," मी म्हटलं.

"रस्त्यावरच्या माणसांचंही?"

"हो. कुत्र्यामांजरांचंही."

त्या खुर्चीत येऊन बसल्या. मला वाटलं आता त्या कोसळतील, किंवा रागावतील, किंवा निदान डोळे मिटून घेतील. त्यांनी फिल्मकडे बोट दाखवून विचारलं, "हे उघडता येतं?"

"प्रयत्न करता येतो."

"मग उघडा." आणि नंतर त्या ह्वे आनला काहीतरी सांगू लागल्या. आईकडून ऐकलेली गोष्ट होती ती, ह्वे आननं मला सांगितली. त्या तान्ह्या असताना गावावर बाँब पडत होते, आई त्यांना छातीशी धरून जमिनीतल्या खंदकाकडे पळाली, पायरी चुकली आणि दोघी तोंडावर पडल्या. पोरीच्या नाकातोंडातून रक्त आलं, पण पोर जगली, एवढ्यावर आई खूश होती. नाकाचं पुढे कुणी बघितलं नाही. गावात बघण्यासारखं दुसरं पुष्कळ होतं.

---

ऑपरेशन सरांनी केलं, मी हाताखाली होते. चिकटलेलं सोडवायला वेळ लागला आणि पडदा सरळ करायला त्याहून जास्त. शेवटी सर म्हणाले, "झालं. आता पुढचं त्यांचं त्यांनी."

दोन दिवसांनी सकाळी मी नाकात भरलेल्या पट्ट्या काढायला गेले. वॉर्डातल्या खाटेवर आर्याजी ताठ बसल्या होत्या. ह्वे आन पायथ्याशी उभी. मी एक बाजू काढली, मग दुसरी, आतलं थोडं रक्त शोषून घेतलं.

"तोंड मिटा," मी म्हटलं. "हळूच घ्या."

त्यांनी तोंड मिटलं.

मी अनेक पेशंटच्या पट्ट्या काढल्या होत्या. लोक "हाश्श" करतात, हसतात, हात जोडतात. आर्याजींनी माझं मनगट पकडलं. इतकं घट्ट, की नंतर तिथे वळ दिसत होते. त्यांचे डोळे मोठे झाले होते आणि त्यांत भीती होती. अंधाऱ्या घरात कुणीतरी आत शिरल्यावर होते तशी. श्वास आत गेला, थांबला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. त्या एक शब्द पुटपुटल्या.

"थंड," ह्वे आन म्हणाली. "म्हणते, आत थंड येतो, बाहेर गरम जातो. विचारते, हे थांबणार का?"

"नाही," मी म्हटलं. "थांबणार नाही."

त्या मनगट सोडेनात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते नाक मोकळं केल्यावर येतं तसलंच असेल. मी त्याला नाव देणार नाही. तेवढ्यात वॉर्डच्या मावशी बादली घेऊन आल्या आणि खाटेखालून फडकं फिरवू लागल्या. आर्याजींनी झटकन मान वळवली. खाली वाकल्या. बादलीकडे बोट दाखवून मला विचारलं, "काय?"

मावशींनीच उत्तर दिलं. "फिनेल आहे, बाई. वास येतोय का? लांब व्हा."

आर्याजी लांब झाल्या नाहीत. खाटेवरून वाकून त्यांनी बादलीवर तोंड नेलं आणि डोळे मिटून तो वास घेतला, सावकाश, आत खोलवर, पुन्हा, पुन्हा. मावशी फडकं हातात धरून बघत राहिल्या. इतकी वर्षं त्या वॉर्डात फिनेल टाकत होत्या, पण त्याचा असा मान राखलेला त्यांनी बघितला नव्हता. मग कुणालाही न विचारता त्यांनी खिशातून चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी काढली आणि पुडी उघडून आर्याजींच्या नाकासमोर धरली. पाठोपाठ समोरच्या खाटेवरच्या बाईनं डब्यातली लसणाची चटणी पुढे केली. कुणी खोबरेल आणलं, कुणी संत्र्याची साल. जेवणाची गाडी येईपर्यंत अख्खा वॉर्ड त्या खाटेभोवती वास घेऊन उभा होता. ह्वे आन एकेका वासाचं नाव सांगत होती आणि आर्याजी मान हलवून ते नाव मागोमाग म्हणत होत्या, आणि त्या नावांतले म आणि न नीट येत होते. ते फक्त मीच ऐकलं असावं.

पंधरवड्यानं मी पुन्हा प्रश्नावली काढली. त्यांनी मला थांबवलं.

"आधी जुनी विचारा," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आधीची. ती चुकली होती."

मी विचारली. पाचही प्रश्नांना चार.

"मग तेव्हा शून्य का?"

"तेव्हा मला दुसरं घर माहीत नव्हतं, बाक सी. मी चारमध्ये राहत होते आणि त्यालाच शून्य म्हणत होते."

सरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि दा नांगला लिहिलं, की भाषांतरात खोट नाही, पण प्रश्न विचारायच्या आधी पेशंटला तोंड मिटून स्वतःच्या नाकाखाली एक बोट धरायला सांगावं, आणि मग दुसऱ्या कुणाच्या तरी. तिकडून उत्तर आलं की हे शास्त्रीय पद्धतीत बसत नाही. सरांनी पुन्हा लिहिलं. हे पुष्कळ दिवस चाललं, शेवटी सूचनांच्या पानावर ती एक ओळ आली.

---

दापोडीच्या विहारात, ऑपरेशननंतर पंधरवड्यानं आलेल्या पौर्णिमेला आर्याजींचं ध्यान शिबिर आधीपासून ठरलेलं होतं. आमच्या वस्तीत त्यांची ख्याती ह्वे आननंच पोचवली होती. सकाळीच हॉल भरला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका सतरंज्यांवर, पुरुष भिंतीच्या कडेनं, व्हिएतनामी भिक्खुणी एका बाजूला ओळीनं. मी आईबरोबर मागच्या रांगेत बसले होते. माझ्या दुसऱ्या बाजूला चंद्रभागाबाई, सत्तरीच्या, भिक्खूंनाही उभं-आडवं विचारायला न कचरणाऱ्या.

वंदना झाली. आर्याजी आसनावर बसल्या, ह्वे आन माइक घेऊन शेजारी. आर्याजींनी बोलायला सुरुवात केली आणि दोनचार वाक्यांतच भिक्खुणींच्या रांगेत हालचाल झाली. एकीनं तोंडावर हात ठेवला. आर्याजी थांबल्या आणि ह्वे आनकडे पाहिलं.

ह्वे आननं माइक मांडीतच धरून ठेवला.

लोक वाट बघत होते. वरचा पंखा कुरकुरत होता. आर्याजींनी तिला घाई केली नाही, दुसरं कुणी शोधलं नाही. नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या, प्रेमानं. मला उठावंसं वाटलं. मला सगळं माहीत होतं, मी सांगू शकले असते. पण ते सांगणं माझं नव्हतं.

ह्वे आननं माइक तोंडाशी नेला.

"नी सू म्हणते," तिचा आवाज फाटला, तिनं पुन्हा सुरुवात केली. "म्हणते, तुम्ही ऐकलं आहे, की तिला मोठी अवस्था होती. श्वास एवढा बारीक की सापडत नाही. ते खोटं आहे. कुणी मुद्दाम खोटं बोललं नाही. पण खोटं आहे. तिचं नाक बंद होतं. लहानपणी पडली म्हणून. आता इथल्या डॉक्टरांनी उघडलं. अवस्था नव्हती. नाक होतं."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. आर्याजी मात्र मनापासून हसल्या, मान मागे टाकून, नाकातोंडातून. मग सगळेच थोडे हसले, पण बावरून. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठून चपला शोधायला बाहेर गेले. भिक्खुणींपैकी दोघी खाली मान घालून रडत होत्या.

चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या.

"आर्याजी, मग मला एक सांगा," त्या तिथूनच म्हणाल्या. "काहीच नव्हतं तिथं, तर इतकी वर्षं डोळे मिटून तुम्ही बसून केलं काय?"

आई माझ्यावरून वाकून त्यांचा पदर ओढत होती. त्या बसल्या नाहीत. ह्वे आननं प्रश्न सांगितला. आर्याजींचं हसू ओसरलं. त्या इतक्या हळू बोलल्या की ह्वे आनला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"म्हणते, गुरुमातांनी सांगितलं, या दारात उभी राहा. वारा येतो, वारा जातो. त्याला बघ. मी उभी राहिली. कुणी आलं नाही. कुणी गेलं नाही. गुरुमाता म्हणाल्या, बारीक आहे म्हणून दिसत नाही. मी त्यांना मानलं. पण मनात मला वाटायचं, माझंच लक्ष कमी आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त नीट बघितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी नीट. रोज." ह्वे आन थांबली. पुढचं वाक्य तिनं स्वतःशीच एकदा व्हिएतनामीत म्हटलं. "म्हणते, दार सोडून जा, असं मला कुणी सांगितलं नव्हतं."

चंद्रभागाबाई उभ्याच राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि खाली बसल्या. बाहेर गेलेले गृहस्थ चपला हातात घेऊन दारात थबकले होते.

आर्याजी आणखी काहीतरी बोलत उठल्या. ह्वे आन घाबरून म्हणाली, "म्हणते, वारा आता आला आहे. पंधरा दिवस झाले. या कामात ती पंधरा दिवसांची आहे. इथे जुने लोक आहेत, त्यांनी शिकवावं."

आसन सोडून त्या हॉलच्या मधून चालत मागे आल्या. बायका पाय आवरून वाट देत होत्या. आमच्या रांगेत चंद्रभागाबाईंनी सरकून जागा केली, आणि आर्याजी माझ्या आणि त्यांच्या मध्ये सतरंजीवर बसल्या, झगा नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि पुढे ह्वे आनकडे बघू लागल्या, पहिल्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलीसारख्या.

ह्वे आन रिकाम्या आसनाशेजारी एकटी होती. तिनं बाहीनं चेहरा पुसला. आसनावर ती बसली नाही, खाली जमिनीवरच बसली, माइक समोर ठेवला.

"डोळे मिटा," ती मराठीत म्हणाली.

हॉल शांत झाला. माझ्या डाव्या बाजूला श्वास सुरू झाला. आतल्या जखमा अजून ओल्या होत्या, त्यामुळे तो निःशब्द नव्हता. आत जाताना बारीक शीळ वाजायची, वळणावर जरा अडखळायचा, मग मोकळा होऊन बाहेर यायचा. आमच्या रांगेत सगळ्यांना तो ऐकू येत होता. पुढच्या रांगेतही येत असावा. काही वेळानं माझ्या लक्षात आलं की चंद्रभागाबाई त्याच लयीत श्वास घेत आहेत, आईही, पुढच्या दोन रांगांतल्या बायकाही. त्यांच्या पाठी एकदम वर होत होत्या, एकदम खाली येत होत्या.

आर्याजींना ते कळलं नसावं. त्या कामात होत्या.